फाटली नाही, पण संपली

गाठीच्या चोळीला सैल पडणं फारसं ठाऊक नव्हतं. खण आणायचा, शिंप्याकडून चोळी शिवून घ्यायची आणि पुढच्या दोन टोकांची गाठ मारायची. बाई बारीक झाली की गाठ जरा आवळून, बाळंतपणात अंग भरलं की जरा ढिली. कापड विरायचं ते आधी काखेत. तिथे ठिगळ लागायचं, काही महिन्यांनी त्या ठिगळालाही आधार लागायचा, आणि मग त्या चोळीचं पोतेरं व्हायचं. कपडा संपला हे डोळ्यांना दिसायचं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे.

आपल्या घरांत कपड्यांचा जो हिशेब अजून चालतो तो त्याच सुती जगातला आहे. फाटेपर्यंत वापरायचं. साडी, परकर, चादर, गाऊन या सगळ्यांना तो नीट लागू पडतो. ब्राला मात्र पडत नाही. ब्रा फाटून संपत नाही, तिचा ताण सुटतो आणि ती संपते. कापड शाबूत, रंग बरा, लेस जागच्या जागी, आणि तरीही तिचं काम थांबलेलं असतं. ‘अजून चांगली आहे की!’ असं ज्या ब्राबद्दल म्हटलं जातं ती पुष्कळदा कधीच संपलेली असते. हे प्रकरण तो न दिसणारा शेवट ओळखण्याबद्दल आहे.

सुरुवातीच्या ब्रा आपल्या चोळीच्या बऱ्याच जवळच्या होत्या. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकबला १९१४ साली अमेरिकेत ज्या ब्राचं पेटंट मिळालं, ती दोन हातरुमाल आणि रिबन यांतून सुचली होती, असं ती सांगत असे. त्यात ताणलं जाणारं काही नव्हतं. बंद अंगाभोवती गुंडाळून बांधायचे, त्यामुळे एकच नग वेगवेगळ्या अंगाच्या बायकांना बसे. पुढे तिने ते पेटंट वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट बनवणाऱ्या कंपनीला १५०० डॉलरला विकलं. १९३० च्या दशकात कपांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं लागली आणि मापं काटेकोर झाली. त्याच सुमाराला रबराच्या धाग्यावर सूत गुंडाळलेलं लवचीक कापड आलं. बांधायचे बंद गेले आणि अंगावर स्वतःहून घट्ट बसणारा पट्टा आला.

रबराला घाम सोसत नाही, अंगाचं तेल तर मुळीच नाही. ते फुगतं, चिकट होतं, मग तडकतं. कंबरेच्या घट्ट गर्डलसाठी रबराला पर्याय हवा म्हणून ड्यूपॉन्ट कंपनी बरीच वर्षं खटपट करत होती. व्हर्जिनियातल्या वेन्झबोरो इथल्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाला १९५८ मध्ये तो सापडला. बाजारात तो लायक्रा या नावाने आला. लेबलवर कधी स्पॅन्डेक्स, कधी इलॅस्टेन असं लिहिलेलं असतं, पण वस्तू तीच. तुमच्या ब्राच्या मागच्या पट्ट्यात बहुतेक नायलॉन असतं आणि त्याच्या जोडीला इलॅस्टेनचा लहानसा वाटा. कापडाची मजबुती नायलॉनमुळे, पण ब्राचं आयुष्य किती ते त्या लहान वाट्यावर ठरतं.

इलॅस्टेनच्या धाग्याचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात. साखळीचे काही भाग मऊ, वेटोळी घालून बसलेले, पतंगाच्या मांजाच्या गुंत्यासारखे. मधूनमधून कडक भाग येतात, आणि ते शेजारच्या साखळीच्या कडक भागांना धरून राहतात. धागा ओढला की मऊ गुंता सरळ होतो, त्यामुळे तो मूळ लांबीच्या पाचपट सहज जातो. सोडला की मऊ भाग पुन्हा गुंत्यात परततात, आणि कडक भागांची पकड साखळ्यांना एकमेकींवरून घसरू देत नाही. नवी ब्रा अंगाला बिलगते ती या दोन गोष्टींमुळे. पण ही पकड कायमची नसते. दिवसाचे बारा-चौदा तास ताण, अंगाची ऊब, घाम, धुण्याचं गरम पाणी यांमुळे थोडी पकड इथे सुटते, थोडी तिथे, आणि साखळ्या नव्या, जरा लांब जागी जाऊन बसतात. काही सैलपणा रात्रभराच्या विश्रांतीत भरून निघतो. जो निघत नाही तो साठत जातो. म्हणून रोज एकच ब्रा घालणं तिला सगळ्यांत जड जातं. कालचा ताण उतरण्याआधीच आजचा चढलेला असतो.

आता हा पट्टा एवढा महत्त्वाचा का? स्तनांत स्वतःचे स्नायू नसतात. ते छातीच्या स्नायूंवर टेकलेले असतात आणि आतून तंतूंच्या जाळीने धरलेले असतात. त्या जाळीला ब्रिटिश शल्यविशारद ॲस्ली कूपर यांचं नाव आहे. त्यांचा स्तनरचनेवरचा ग्रंथ १८४० चा. बाहेरून आधार द्यायचा तर तो कुठून द्यायचा? बहुतेक जणींना वाटतं खांद्यावरून. प्रत्यक्षात नीट बसलेल्या ब्रात बहुतेक भार छातीभोवतीचा पट्टा उचलतो. खांद्यावरच्या पट्ट्या कप जागेवर राहावेत एवढ्यापुरत्या असतात. पट्टा सैल पडला की भार खांद्यांवर जातो. बाई पट्ट्या आखूड करते. पट्ट्या मागून सैल पट्ट्याला वर ओढतात, पट्टा पाठीवर चढतो, पुढून कप खाली उतरतात. खांद्यांवर लाल खाचा पडतात. ज्यांचं अंग भरलेलं आहे त्यांची मान आणि खांदे संध्याकाळपर्यंत भरून येतात, आणि दोष स्वयंपाकाच्या ओट्याला किंवा ऑफिसच्या खुर्चीला दिला जातो.

मागचे हूक हे या सैलपणाचं घरगुती मोजमाप आहे आणि ते बहुतेक जणी उलटं वापरतात. कड्यांच्या रांगा साधारण तीन असतात. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल रांगेत नीट बसली पाहिजे. पट्टा ढिला पडेल तसं मधल्या रांगेवर यायचं, मग आतल्या. रांगांमधलं अंतर दीड-दोन सेंटीमीटर धरलं तर पहिलीपासून तिसरीपर्यंत तीन ते चार सेंटीमीटर सैलपणा सावरता येतो. पट्ट्याची मापं दोन-दोन इंचांनी, म्हणजे पाच सेंटीमीटरने वाढतात. याचा अर्थ तिन्ही रांगा वापरून झाल्या तेव्हा तुमची ३४ ची ब्रा जवळजवळ ३६ ची झालेली असते. दुकानात पहिल्याच दिवशी आतल्या रांगेत लावून ‘बसली’ असं ठरवलेल्या ब्राकडे ही शिल्लक नसते. ती महिन्या-दोन महिन्यांत म्हातारी होते आणि बाई कंपनीला नावं ठेवते.

तर मग ओळखायचं कसं? आरशासमोर आतल्या, सगळ्यांत घट्ट रांगेत हूक लावा आणि बाजूने पाहा. पट्टा पुढून मागे आडवा, जमिनीला समांतर दिसला पाहिजे. पाठीवर कमान करून वर चढला असेल तर निम्मं उत्तर मिळालं. दोन्ही हात वर करा, कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढतो तसे. कपांखालून अंग बाहेर आलं, हात खाली घेतल्यावर ब्रा ओढून जागेवर आणावी लागली, तर उरलेलं निम्मंही मिळालं. यापेक्षा चोख परीक्षा मला ठाऊक आहे ती ही : ब्रा अंगावर असताना खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्या खाली सोडून द्या. पट्टा धडधाकट असेल तर कप थोडे हलतात, पण राहतात जागेवर. सगळं घसरून खाली आलं तर इतके दिवस ती ब्रा तुमच्या खांद्यांनीच सांभाळली होती. ती जाऊ द्या.

अंगावरून काढल्यावरही पाहण्यासारखं असतं. पट्टा दोन्ही हातांनी ओढून सोडा. नवा चटकन परततो, थकलेला रेंगाळतो, मेलेला लाटालाटांचा होऊन पडून राहतो. कडेला पांढरे, बारीक, केसांसारखे धागे बाहेर डोकावत असतील तर ते तुटलेलं इलॅस्टिक आहे, ते कात्रीने कापून उपयोग नाही. फोमच्या कपाला मधोमध पडलेली चूण धुऊन जात नाही. पांढरा फोम पिवळा पडतो तो नेहमी मळामुळेच असं नाही. पॉलियुरेथेनचा फोम उजेडाने आणि हवेतल्या वायूंनी आपोआप पिवळा पडतो, त्यासाठी ब्रा घासत बसू नये. तारेची ब्रा असेल तर काखेच्या बाजूला बोट फिरवून पाहा. तारेचं टोक शिवणीतून बाहेर आलं असेल तर ते भोक शिवेपर्यंत ती वापरायची बंद. तिथली कातडी पातळ असते, रोज टोचून झालेली जखम घामात लवकर भरत नाही.

दुरुस्तीचं काय, असं विचारणाऱ्या काटकसरी बायकांबद्दल मला आदर आहे, कारण काही गोष्टी खरंच दुरुस्त होतात. तार बाहेर येते त्या भोकावर घट्ट टाके घालून ते बंद करता येतं. हूक वाकडे झाले तर तयार हूकपट्टी शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. खांद्याची पट्टीही बदलता येते. पण यातलं काहीही करायचं ते पट्टा जिवंत असेल तर. सैल पट्ट्याला मागे चूण घालून टाके मारणं हा उद्योग घरोघरी चालतो, आणि काही आठवडे बरंही वाटतं. लांबी कमी होते, पण गेलेला ताण परत येत नाही. उरलेल्या इलॅस्टिकवर उलट जास्त ओढ येते आणि तेही लवकर जातं. सेफ्टीपिनेबद्दल काही लिहीत नाही. ती लावणारीला सगळं आधीच माहीत असतं.

ब्रा किती महिने टिकते, या प्रश्नाला दुकानदार सहा महिने ते वर्ष असं उत्तर देतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. महिने मोजण्यापेक्षा किती वेळा अंगावर चढली ते मोजावं. दोनच ब्रा आलटून पालटून घातल्या तर प्रत्येक वर्षाला १८० हून जास्त वेळा वापरली जाते. पाच असतील तर ७३ वेळा. पाचांतल्या एकीचं आयुष्य दोनांतल्या एकीच्या दुपटीहून जास्त निघालं तर नवल नाही, आणि त्यात विश्रांतीचा फायदा वेगळाच. लग्नकार्यापुरती काढलेली ब्रा दहा वर्षं टिकल्याचं कौतुक ऐकू येतं, तेव्हा ती कपाटात टिकलेली असते. व्यायामाच्या ब्राचा हिशेब निराळा. तिच्यावर ताण मोठा, घाम जास्त आणि धुणं रोजचं. पळताना स्तन फक्त वरखाली नाही, तर बाजूंना आणि पुढेमागेही हलतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात जोॲना स्कर यांचा गट कित्येक वर्षं हेच मोजतो आहे. धावताना पूर्वीपेक्षा जास्त हालचाल जाणवू लागली की त्या ब्राचं वय झालं.

आता धुणं आणि वाळवणं. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण आपल्याकडे ब्रा अंगावर जेवढी झिजते तेवढीच न्हाणीघरात आणि दोरीवरही झिजते. गरम पाण्याची बादली, त्यात डिटर्जंट, त्यात सगळ्या पांढऱ्या कपड्यांबरोबर ब्रा, आणि वर ब्लीच. क्लोरीन इलॅस्टेनचा शत्रू आहे. तो साखळ्या तोडतो आणि धागा पिवळा करतो. मग ब्रशने घासणं, मग पिळणं. चादर पिळावी तशी ब्रा पिळली की कपांचा आकार आणि पट्ट्याचा ताण दोन्ही एका दमात जातात. थंड किंवा कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, हाताने चोळून तळव्यांमध्ये दाबून पाणी काढणं, एवढं पुरतं. मशीनमध्येच टाकायची तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत, कमी वेगावर. ड्रायरमध्ये नाहीच.

वाळवण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. दोरीवर आधी ब्रा, तिच्यावर परकर, परकरावर टॉवेल. चाळीत, वाड्यात, आता सोसायटीच्या गॅलरीतही ही रचना पिढ्यान्‌पिढ्या न शिकवता शिकली जाते. मुलगी वयात येते आणि दोरीवर काय कशाखाली लपवायचं ते आईकडे बघून तिला कळतं. लाज कुणी बाळगावी याचा निवाडा मी करणार नाही, पण झाकलेल्या ब्राला वारा लागत नाही एवढं नक्की. इलॅस्टिकच्या दुहेरी शिवणी ओल्या राहतात. उरलेली ओल अंगावर चढते आणि स्तनांखालच्या घडीत, जिथे आधीच घाम साचतो, तिथे खाज, लाल चट्टा, बुरशीचा संसर्ग सुरू होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे नेहमीचं दुखणं आहे. कपडे वाळत नाहीत म्हणून मग ब्रा फ्रिजच्या मागे जाते किंवा इस्त्रीखाली येते. इलॅस्टेनला उष्णता सोसत नाही हे वर आलंच आहे. कडक ऊनही त्याला मानवत नाही. तेव्हा सावली आणि वारा, हीच तिची जागा. टांगायची ती खांद्याच्या पट्ट्यांना चिमटा लावून नाही. दोन कपांच्या मधल्या भागावर दोरीवर टाकायची, म्हणजे ओल्या कपांचं वजन पट्ट्यांना ओढत नाही. बाहेर दिसायला नको असेल तर घरात पंख्याखाली वाळवा, पण तिच्यावर दुसरा कपडा टाकू नका.

नवी घ्यायला गेल्यावर जुनी ब्रा आणखी एक फसवणूक करते. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा दादरच्या रस्त्यावर गाळ्यापुढे उभं राहून खरेदी होते. मागे रेटारेटी, अंगावर घालून बघायची सोय नाही, घेतलेला माल परत नाही.

‘ताई, कितीची देऊ?’

‘छत्तीस.’

हे माप कधी घेतलं होतं, कुणी घेतलं होतं? बहुतेक वेळा ते मागच्या ब्रावरून आलेलं असतं. सैल पडलेल्या ब्राची अंगाला सवय झाल्यावर नवी, योग्य मापाची ब्रा आवळल्यासारखी वाटते. मग एक माप मोठी घेतली जाते. ती सुरुवातीपासूनच ढिली, म्हणून लवकर आतल्या हुकावर जाते, आणि पुढच्या खेपेला आणखी एक माप वाढतं. टेप घेऊन स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप आडवी धरून माप घेतलं की ३६ सांगणारीचा पट्टा पुष्कळदा ३२ किंवा ३४ चा निघतो, आणि कप तिच्या समजुतीपेक्षा एक-दोन अक्षरं मोठा. पट्टा एका मापाने कमी केला तर कप एका अक्षराने वाढवावा लागतो. ३४ बी जेवढं सामावते साधारण तेवढंच ३२ सी. नव्या ब्राच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. मूठ जात असेल तर ती ब्रा दुकानातच म्हातारी आहे.

काही वेळा ब्रा नवी असूनही बदलावी लागते, कारण अंग बदललेलं असतं. वयात येणाऱ्या मुलीचं माप काही महिन्यांत पुढे जातं, तेव्हा तिच्यासाठी एकदम अर्धा डझन घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. गरोदरपणात पट्टा आणि कप दोन्ही बदलतात, दूध पाजताना दिवसातल्या दिवसात बदलतात. वजन चढलं-उतरलं, पाळी जायची वेळ आली, की पुन्हा टेप काढायची. इथे एक गोष्ट निक्षून सांगते. एकाच बाजूचा आकार बदलला, गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्रातून स्राव आला, तर दोष ब्राला देऊ नका, डॉक्टरांकडे जा.

आणि उलट बाजूनेही ब्राला नको तो दोष दिला जातो. घट्ट किंवा तारेच्या ब्रामुळे स्तनांचा कर्करोग होतो ही समजूत १९९५ च्या एका अमेरिकन पुस्तकाने जगभर पसरवली. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये पाळी गेलेल्या सुमारे पंधराशे बायकांची माहिती तपासली. ब्रा किती तास घातली, तार होती की नव्हती, कोणत्या वयापासून घातली, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध दिसला नाही. स्तन ओघळू नयेत म्हणून बाळाला पाजणं टाळणाऱ्यांसाठीही माहिती आहे. प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांनी केंटकी विद्यापीठात असताना ओघळण्याची कारणं शोधली तेव्हा वय, गर्भारपणांची संख्या, धूम्रपान ही कारणं निघाली. अंगावर पाजणं त्यांत नव्हतं. ब्रा आरामासाठी घालायची. आराम देईनाशी झाली की ती कितीही महाग असो, तिचा प्रश्न संपला.

नव्या ब्राचा खर्च हा घरातला सगळ्यांत मागे ढकलला जाणारा खर्च आहे हे मला माहीत आहे. मुलांचे बूट, नवऱ्याचे शर्ट, दिवाळीचे पडदे, आणि मग उरलं तर. कुणाला दिसत नाही म्हणून चालतं. ज्या बाईला एकदम सहा घेणं परवडत नाही तिने दर तीन-चार महिन्यांनी एक घ्यावी आणि त्याच दिवशी सगळ्यांत थकलेली एक बाद करावी. असं केलं की कपाटात सगळ्याच एकदम म्हाताऱ्या होत नाहीत.

बाद केलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. जुन्या साड्या आणि शर्ट-पँटवर बोहारीण पातेलं देते, ब्रा ती हातातही घेणार नाही. ब्राचं पुसणंही होत नाही, कारण नायलॉन पाणी टिपत नाही. नायलॉन, इलॅस्टेन, फोम, पोलाद असं सगळं एकत्र शिवलेलं असल्याने कापडाच्या पुनर्वापरातही ती सहजी जात नाही. म्हणून टाकण्याआधी कात्री घ्या. तारा ओढून काढून भंगारात घाला. खांद्याच्या पट्ट्यांवरची कडी आणि सरकती बकलं, चांगली असलेली हूकपट्टी शिवणाच्या डब्यात ठेवा, पुढच्या दुरुस्तीला लागतील. फोमचे कप ब्लाउज शिवणाऱ्या बाईला विचारून पाहा, आकार टिकलेला असेल तर ती ब्लाउजात घालते. उरलेला पट्टा सुक्या कचऱ्यात.